चामखीळ: तळपायातला चूपचाप किरायेदार

“हे एचपीव्हीमुळे होतं,” त्वचेच्या डॉक्टर माझ्या मुलाची टाच भिंगाखाली धरून सहज म्हणाल्या. शेजारी बसलेल्या सासूबाई एकदम ताठ झाल्या. हे नाव त्यांच्या ओळखीचं होतं. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याला प्रोत्साहन देऊ असं सरकारनं सांगितलं. तेव्हापासून ही अक्षरं बातम्यांत, पालकसभांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहेत. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता त्यांनी विचारलंच, “अवं, हे तं क्यान्सरचं नाव होय ना? पोराच्या पायात कसं काय आलं?”

मी डॉक्टर नाही, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्या प्रश्नाचं उत्तर देता देता आमच्या घरी अख्खी संध्याकाळ गेली. नंतर शेजारणीनं विचारलं, मग स्टाफरूममध्ये कुणी विचारलं. तेच उत्तर इथं सविस्तर लिहिते आहे. आमचे आधीचे तीन महिने कसे वाया गेले, तेही ओघात येईल.

काटा, कुरूप की चामखीळ?

मे महिन्यात मुलगा पोहण्याच्या शिबिराला जात होता. दिवाळीच्या सुमारास तो पाय टेकताना कुरकुरू लागला. “काहून लंगडून राहिला रे?” आजीनं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, “काटा गेला असन.” मग सुई आली, बॅटरी आली, रडारड झाली. काटा काही निघाला नाही. पुढच्या पंधरवड्यात निदान बदलून ‘कुरूप’ झालं. औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप, म्हणजे कातडी सोलणारं औषध लावलेली चिकटपट्टी, आणली, ती पायमोज्यात सरकली, बाजूची चांगली कातडी पांढरी पडून सोलवटली, आणि मूळ दुखणं होतं तिथंच राहिलं. संक्रांत येईतो एकाचे तीन झाले होते.

कुरूप, ज्याला कुणी भोवरी म्हणतात, ते दाबामुळे होतं. चप्पल किंवा बूट एकाच जागी घासत राहिला की कातडी स्वतःला वाचवण्यासाठी तिथं जाड होते. तो संसर्ग नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही, आणि लहान मुलांत ते फारसं दिसतही नाही. चामखीळ मात्र विषाणूमुळे होते. हाताच्या बोटावर ती फुलकोबीच्या तुऱ्यासारखी वर येते, म्हणून लगेच ओळखू येते. तळपायावर माणसाचा सगळा भार पडतो, त्यामुळे ती वर न येता आत दबते. कणकेच्या गोळ्यावर हरभऱ्याचा दाणा ठेवून तळहातानं दाबा, तसं. मुलाला तिथं चपलेत खडा असल्यासारखं वाटतं, आणि हा खडा झटकून टाकता येत नाही.

घरच्या घरी ओळखायच्या तीन खुणा डॉक्टरांनी मला दाखवल्या. पहिली, रेषा. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा असतात. कुरुपावरून त्या साधारण तशाच जातात, चामखिळीपाशी मात्र तुटतात आणि तिला वळसा घालतात. दुसरी, दुखण्याची तऱ्हा. कुरूप सरळ वरून दाबलं की दुखतं. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की मूल जास्त कळवळतं. तिसरी खूण म्हणजे काळे ठिपके. वरची जाड कातडी थोडी घासली की ते दिसतात. आमच्याकडे त्यांना ‘मूळ’ म्हणतात, आणि मूळ उपटलं की झालं असा समज आहे. ते मूळ नसतं. चामखिळीला रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्यांमध्ये गोठलेलं रक्त म्हणजे ते ठिपके. चामखिळीला मूळ नसतंच. म्हणून सुईनं कोरून ‘मुळासकट’ काढायचा आमचा सगळा उद्योग फुकट होता, त्यातून रक्त तेवढं निघालं.

पण एचपीव्ही म्हणजे तो कॅन्सरवालाच ना?

नाव तेच, माणूस वेगळा. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. हा एक विषाणू नाही, त्याचे २०० हून जास्त प्रकार आहेत आणि शास्त्रज्ञांनी त्यांना नुसते क्रमांक दिले आहेत. विदर्भात देशमुख आडनावाची घरं गावोगाव सापडतील, म्हणून एका देशमुखाच्या उधारीसाठी दुसऱ्याच्या दारात कुणी जाऊन बसत नाही. इथंही तसंच.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी मुख्यतः १६ आणि १८ या क्रमांकांचा संबंध आहे. हा संबंध शोधल्याबद्दल हॅराल्ड त्सुर हाऊझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. तळपायाच्या आणि हाताच्या चामखिळी करणारे प्रकार म्हणजे बहुतेक वेळा १, २, ४, २७ आणि ५७. त्यांना जाड, कोरड्या कातडीत राहायला आवडतं. निरोगी मुलाच्या टाचेवर ते ठाण मांडून बसतात, त्रास देतात, पण त्यांचा कर्करोग होत नाही.

यावर शेजारणीचा लगेच पुढचा प्रश्न: मग ती लस देऊन टाकली तर चामखीळ जाईल का? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आणलेली सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध आहे. नऊ प्रकारांवरची परदेशी लस घेतली तरी तिच्या यादीतही पायाचे हे पाच नाहीत. मुलीला ती लस जरूर द्या, तिचं कारण मोठं आहे. मुलाच्या टाचेसाठी तिच्यावर भरवसा ठेवू नका.

हा किरायेदार घालवायला इतका कठीण का?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. हे एकदा समजलं की पुढचे उपचार, त्यांचं अपयश आणि त्यांना लागणारा वेळ, सगळ्याची संगती लागते.

कातडीचा वरचा थर एखाद्या इमारतीसारखा समजा. नव्या पेशी तळमजल्यावर जन्मतात. तिथून त्या एकेक मजला चढत वर सरकतात, चढता चढता चपट्या आणि टणक होतात, आणि महिना-दीड महिन्यानं गच्चीवर पोचेपर्यंत मेलेल्या असतात. आंघोळीच्या वेळी जो मळ निघतो, त्यात त्याच असतात. शरीराचे पहारेकरी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, मुख्यतः इमारतीखालच्या रस्त्यावरून, रक्तातून गस्त घालतात. काही पहारेकरी इमारतीतही असतात, पण आरडाओरडा झाला तरच ते शिट्टी वाजवतात.

पायाला बारीकशी चीर असली, किंवा पाण्यात भिजून कातडी मऊ झाली असली, की विषाणू तळमजल्यावर शिरतो. तिथं तो अगदी थोडकं सामान मांडतो. मग पेशीबरोबर वर चढत जातो आणि वरच्या मजल्यांवर, जिथं पहारेकरी फिरकत नाहीत, तिथं आपली संख्या भरमसाट वाढवतो. फ्लूचा विषाणू पेशींची नासधूस करतो, शरीर खवळतं, म्हणून ताप येतो, अंग दुखतं. हा तसं काही करत नाही. पेशी तशीही मरणारच असते, तिच्या सालपटाबरोबर तो बाहेर पडतो. रक्तात उतरत नाही, सूज आणत नाही, ताप आणत नाही. किराया वेळेवर, भांडण नाही, रात्री गाणी नाहीत, अशा किरायेदाराकडे पोलीस कशाला जातील? तो आत पोटभाडेकरू भरत असतो, हे कळेपर्यंत वर्ष गेलेलं असतं.

शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात. म्हणजे आमच्या दिवाळीतल्या दुखण्याचा पाहुणा उन्हाळ्यातच येऊन बसलेला असणार.

चामखीळ संसर्गजन्य आहे हे आजचं ज्ञान नाही. १९०७ साली च्युफो या इटालियन डॉक्टरनं चामखिळीचा अर्क इतका बारीक गाळला की त्यात एकही जीवाणू उरला नाही, आणि तो स्वतःच्याच कातडीत टोचून घेतला. काही महिन्यांनी तिथं चामखीळ उगवली. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचे पोट्टेही जागे होतात.

आपोआप जाते म्हणतात, मग उपचार कशाला?

जाते, हे खरं आहे. मुलांच्या चामखिळींपैकी साधारण निम्म्या वर्षभरात आणि दोन-तृतीयांश दोन वर्षांत काहीही न करता नाहीशा होतात. कधीतरी पहारेकऱ्याला सुगावा लागतो आणि मग आठ-पंधरा दिवसांत सगळं आवरतं. जाण्याआधी ती कधी कधी लाल होते, खाजते. मोठ्यांपेक्षा मुलांत ही शक्यता जास्त असते. म्हणून जी चामखीळ दुखत नाही, वाढत नाही आणि मुलाला खुपत नाही, तिला तसंच राहू द्यावं, असं कुठलाही समंजस डॉक्टर सांगेल. आपल्याला ते पटत नाही, कारण फी देऊन ‘काही करू नका’ ऐकणं आपल्या स्वभावात नाही.

पण दुखणारी चामखीळ ही वेगळी गोष्ट. मूल पाय तिरपा टाकायला लागतं, मग गुडघा कुरकुरतो. खेळाच्या तासाला बाजूला बसतं. माझा मुलगा टाच उचलून चालायला शिकला होता आणि त्याला त्याचं काही वाटेनासंही झालं होतं. अशा मुलाला ‘दोन वर्षं थांब’ सांगता येत नाही. दुखणं, पसरणं, आणि मुलाला वाटणारी लाज, ही तीन कारणं उपचाराला पुरेशी आहेत.

मात्र एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून घ्यावी लागते. विषाणूला थेट मारणारं, म्हणजे जंतूला अँटिबायोटिक मारतं तसं, चामखिळीवर सर्रास वापरता येईल असं औषध नाही. जे काही आहे ते दोनपैकी एक काम करतं: विषाणू बसलेले मजले हळूहळू पाडायचे, किंवा पहारेकऱ्याला जागं करायचं.

रोजची कानस आणि थेंबभर औषध

पहिलं औषध साधं आणि जुनं आहे: सॅलिसिलिक अ‍ॅसिड. आपल्याकडे ते बहुधा लॅक्टिक अ‍ॅसिडबरोबर, सुमारे १७-१७ टक्के, लवकर वाळणाऱ्या चिकट द्रवात मिळतं. ते मेलेल्या कातडीला जोडून ठेवणारा ‘सिमेंट’ सैल करतं. घासलं की पापुद्रा निघतो, पुन्हा लावलं की पुढचा. पाडकामात थोडी खटपट होते आणि तिनं पहारेकऱ्याचेही कान टवकारतात, असं मानतात.

आमचा रोजचा क्रम असा होता. रात्री जेवणानंतर टबात कोमट पाणी, त्यात दहा मिनिटं पाय. मग पाय कोरडा पुसायचा आणि नखं घासायच्या पुठ्ठ्याच्या कानशीनं वरची पांढरी कातडी घासायची. दुखेपर्यंत नाही, रक्त येईपर्यंत तर नाहीच. भोवतीच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलिनचं कडं काढायचं. हे कडं आम्ही कॉर्न कॅपच्या वेळी काढलं असतं, तर ती सोलवटलेली कातडी पाहावी लागली नसती. मग नेमका चामखिळीवर औषधाचा थेंब. तो वाळून पांढरी पातळ साय धरली की वरून चिकटपट्टी. दुसऱ्या दिवशी ती साय सोलून पुन्हा पहिल्यापासून. कातडी लाल झाली, चुरचुरायला लागली, तर दोन-तीन दिवस सुटी.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घडली जिची मला अपेक्षा नव्हती: मुलगा नीट चालू लागला. चामखीळ गेली नव्हती, आकारही तोच होता. पण दुखणं बरंचसं वर साठलेल्या जाड, कडक कातडीचं असतं. ती घासून सपाट केली की खडा निघाल्यासारखा आराम पडतो. हे मला कुणी दिवाळीत सांगितलं असतं तर! चामखीळ बरी व्हायला महिने लागतात, दुखणं कमी करायला चार-पाच दिवस पुरतात. लंगडणाऱ्या मुलाच्या आईसाठी दुसरी गोष्ट आधी महत्त्वाची असते.

औषध बारा आठवडे, न चुकता. बहुतेक घरी ते तिसऱ्या आठवड्यात कपाटात जातं आणि ‘त्यानं काही फरक पडला नाही’ असा निकाल लागतो. आम्ही कालनिर्णयवर रोज बरोबरची खूण करत होतो. परीक्षेच्या आठवड्यातल्या तारखा कोऱ्या आहेत, तेवढं कबूल करते.

तीन गोष्टी बाटलीवर बारीक अक्षरात असतात, म्हणून इथं मोठ्यानं सांगते. हा द्रव पेट घेतो, देवघरातल्या निरांजनाजवळ किंवा गॅसपाशी तो लावू नका. झाकण घट्ट लावा, नाहीतर नागपूरच्या उन्हाळ्यात आठवड्याभरात त्याचा गोंद होतो. आणि ‘उरलंच आहे तर’ म्हणून मधुमेह असलेल्या आजोबांच्या पायाला ते चुकूनही लावू नका. त्यांच्या पायाला संवेदना कमी असते, जखम झाली तरी कळत नाही, आणि ती भरता भरत नाही. चेहरा, गुप्तांग आणि तीळ यांनाही हे औषध लावत नाहीत.

घरातली वजरीही लपवून ठेवा. मोरीत ठेवलेली ती एकच वजरी सगळं घर वापरतं, आणि विषाणूला एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणारं त्याहून सोयीचं वाहन नाही.

गोठवून टाका ना एकदाचं!

हे माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं. क्रायोथेरपी म्हणजे द्रवरूप नायट्रोजननं चामखीळ गोठवणं. त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. ४५ अंशांच्या गावातल्या माणसाला हा आकडा ऐकूनच गार वाटतं. त्या थंडीनं पेशी मरतात, फोड येतो, आणि काही दिवसांत खपली पडते. दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, असं तीन-चार वेळा करावं लागतं. लहान मुलाला ते दुखतं आणि पुढचे दोन दिवस चालताना त्रास होतो.

ते जास्त जोरकस दिसतं, म्हणून जास्त गुणकारी असेल असं वाटतं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तळपायाच्या चामखिळी असलेल्या, १२ वर्षांवरच्या २४० रुग्णांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना नायट्रोजन, अर्ध्यांना घरी लावायला ५० टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत पूर्ण बरे झालेले सारखेच, १४ टक्के. सहा महिन्यांनी दोन्हीकडे एक-तृतीयांशाच्या आसपास. हे निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. मला ते वाचून आधी निराशा आली आणि मग सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे बाराव्या आठवड्यात चामखीळ जागेवर असेल तर त्यात आईचा आळस नाही, मुलाचा हट्ट नाही, औषध नकली नाही. शंभरातल्या ८६ जणांचं तेच होतं.

कापून टाकणं किंवा जाळणं हा पुढचा प्रश्न. विजेच्या उपकरणानं जाळता येते, लेसरनंही. पण तळपायावर व्रण राहिला तर तो आयुष्यभर टोचू शकतो, आणि कडेच्या कातडीत विषाणू उरला असेल तर चामखीळ त्याच व्रणावर परत येते. विषाणू स्वतः व्रण सोडून जात नाही, उपचार सोडू शकतो. हे शेवटचे मार्ग आहेत, सुरुवातीचे नाहीत.

पण आमच्याकडे बिब्बा लावतात

माहीत आहे. सासूबाईंनी तो आधीच काढून ठेवला होता. तापलेल्या सुईनं बिब्ब्याचं तेल काढून टाचेला लावायचं, की दोन दिवसांत ‘जळून जाते’. जळते हे खरं, फक्त चामखिळीपुरतं जळत नाही. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, आणि काहींना त्याची अशी अ‍ॅलर्जी येते की लावलं टाचेला आणि फोड येतात अंगभर. कपड्यांवर धोब्याची खूण करायला जे तेल वापरत होते, जे धुऊनही जात नाही, ते लेकराच्या पायावर नको.

रुईच्या चिकाचंही तसंच. काटा काढायला तो लावतात, चामखिळीलाही लावतात. पण तोच हात डोळ्याला लागला तर डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र करून लावणारे आहेत, त्यानं खोल भाजतं. अगरबत्तीनं चटका देणारेही आहेत, त्याबद्दल मी लिहीतच नाही.

मग हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे? वर सांगितलेल्या त्या आकड्यामुळे. निम्म्या चामखिळी वर्षभरात स्वतःच जात असतील, तर जाण्याआधी शेवटचं जे केलं असेल त्याला श्रेय मिळतं. थुजाच्या गोळ्यांचंही तेच. १९९२ साली कॅनडात तळपायाच्या चामखिळींवर होमिओपॅथीची चाचणी झाली, तीत औषधाच्या आणि नुसत्या साखरेच्या गोळ्यांत फरक आढळला नाही. गोळ्या गोड असतात, मूल खूश असतं, भाजत नाही. म्हणून बिब्ब्यापेक्षा त्या बऱ्या, एवढंच म्हणेन.

आणि ही लबाडी फक्त आपल्या आजीबाईंना फसवते असं नाही. प्लंबरकडे असते ती रुपेरी डक्ट टेप चामखिळीवर चिकटवायची, हा अमेरिकी उपाय २००२ साली एका छोट्या अभ्यासामुळे एकदम प्रसिद्ध झाला. त्यात टेप लावलेल्यांपैकी ८५ टक्के बरे झाले होते. चार वर्षांनी नेदरलँड्समध्ये १०३ मुलांवर तेच करून पाहिलं, तर सहा आठवड्यांत टेपवाल्यांपैकी १६ टक्के बरे झाले. टेपचा मोठा तोटा नाही, फार तर कातडी चुरचुरते, पण ती जादूही नाही.

लस टोचून चामखीळ घालवतात, हे खरं का?

ऐकायला विचित्र वाटतं, पण भारतात हे बरंच केलं जातं. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची, म्हणजे एमएमआर लस, दंडात न देता थोडीशी थेट चामखिळीत टोचतात. विषाणू वेगळा, लस वेगळी, मग हे चालतं कसं? पहारेकऱ्याला गोवर ओळखता येतो. ओळखीचा गुंड त्या इमारतीत दिसला की तो धावत येतो, आणि आल्यावर त्याला तो चूपचाप किरायेदारही सापडतो. कधी कधी एका चामखिळीत टोचलं की दुसऱ्या पायावरच्याही जातात, कारण आता पहारेकऱ्याकडे फोटो असतो. याच तत्त्वानं काही डॉक्टर चामखिळीचाच बारीक तुकडा काढून हाताच्या कातडीखाली पेरतात. याला इम्युनोथेरपी म्हणतात, म्हणजे प्रतिकारशक्तीला कामाला लावणं.

यातही सगळ्यांना गुण येत नाही, आणि तळपायात टोचलेलं इंजेक्शन फार दुखतं. पुष्कळ चामखिळी असतील आणि साध्या उपायांना दाद देत नसतील, तर हा मार्ग डॉक्टरांशी बोलून पाहावा असा आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला जिवंत विषाणूची लस चालत नाही, ते डॉक्टरांना आधी सांगा. नागपुरात यासाठी खाजगी दवाखान्यातच जायला हवं असं नाही. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही ठिकाणी त्वचारोग विभाग आहे.

पोहणं बंद? शाळा बंद?

काहीही बंद नाही. तलावाच्या पाण्यापेक्षा काठावरची ओली फरशी आणि कपडे बदलायची खोली जास्त महत्त्वाची. तिथं सगळे अनवाणी असतात आणि भिजलेली कातडी मऊ असते. या विषाणूला करोनाच्या विषाणूसारखं स्निग्ध आवरण नाही, म्हणून तो फरशीवर चिवटपणे टिकतो. चामखिळीवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी, काठावर रबरी चप्पल घालावी, टॉवेल आपापला ठेवावा. कराटे, मल्लखांब, नाच, जिथं अनवाणी सराव असतो तिथं पट्टी पुरते.

पण सगळा दोष तलावावर ढकलू नका. नेदरलँड्सच्या प्राथमिक शाळांत तपासलं, तेव्हा तिघांमागे एका मुलाला कुठंतरी चामखीळ सापडली, आणि ती होण्याचा संबंध तलावापेक्षा घरच्या आणि वर्गातल्या माणसांशी जास्त दिसला. तेव्हा ज्या पोराच्या बोटावर चामखीळ आहे, त्याला बाकावरून उठवण्यात अर्थ नाही. माझ्या मुलाच्या शिबिरात एका पालकांनी अगदी तेच मागितलं होतं.

नखं आणि चामखीळ कुरतडणाऱ्या मुलाकडे मात्र लक्ष द्या, तो स्वतःच स्वतःला पेरत असतो.

डॉक्टरांकडे लगेच जायची वेळ वेगळी: मुलाला मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल, चामखीळ चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर असेल, भराभर वाढत असेल, पू किंवा लाली येऊन ताप आला असेल, किंवा ती चामखीळच आहे का अशी शंका असेल. मोठ्या माणसाच्या तळपायाची न भरणारी, रक्त येणारी गाठ चामखीळ समजून घासत बसू नये.

गेली हे कसं ओळखायचं?

रेषा परत येतात. सालपटं जाऊन मऊ गुलाबी कातडी आली तरी मधे रेषा तुटलेल्या असतील, ठिपका उरला असेल, तर औषध चालू ठेवायचं. या शेवटच्या टप्प्यातच लोक थांबतात.

आमचं बारा आठवडे औषध झालं, मग दोनदा गोठवणं झालं, मग पुन्हा औषध. दोन लहान चामखिळी पावसाळ्याच्या सुरुवातीला गेल्या, टाचेवरची मोठी बसूनच होती. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सासूबाई नातवाला इतवारीत मिरवणूक पाहायला घेऊन गेल्या. पिवळी मारबत, म्हणजे गावची रोगराई घेऊन जाते असं मानतात ती मोठी पुतळी, समोरून जाताना सगळी गर्दी ओरडत होती, “इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” आणि आजीनं त्यात आपली भर घातली, “पोराची चामखीळ घेऊन जा गे मारबत!” मुलगा लाजून लाल झाला, असं त्यानंच घरी येऊन सांगितलं.

दहा-बारा दिवसांनी रात्री पाय पुसताना मी बॅटरी धरली. रेषा टाचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जात होत्या.

“मारबतीनं नेली,” सासूबाई म्हणाल्या. नवरा म्हणाला, नायट्रोजन. मी त्यांना निम्म्या-निम्म्याचा हिशोब सांगायला लागले, की एका पोरावरून यातलं काहीच सिद्ध होत नाही.

“अन्‌ रोज कानस कोण करत होतं?” मुलगा म्हणाला आणि टब ओतायला मोरीत गेला. टाच पूर्ण टेकवून.